घटमाला, निद्रा आणि कसोटी : अंतराळयानांच्या विद्युत्संचयाविषयीचे मराठी विज्ञानगद्य

मराठी विज्ञानगद्याची चिकित्सा बहुधा परिभाषेपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. अमुक संज्ञा सुबोध आहे की दुर्बोध, संस्कृतातून घ्यावी की इंग्रजीतून जशीच्या तशी उचलावी, हाच वाद गेली अनेक दशके चालू आहे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले. त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळही अस्तित्वात आले. पुढे वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. या सर्व प्रयत्नांतून मराठीला हजारो नामे मिळाली. विद्युत्घट, विद्युत्अग्र, विद्युत्विच्छेद्य, संचायक ही त्यांपैकीच होत. तथापि या नामांना चालविणारी क्रियापदे कोठून यावयाची, याचा विचार कोणत्याही समितीने केल्याचे दिसत नाही. तो करणे समितीच्या आवाक्यातले कामही नव्हे. परिणामी शास्त्रीय नाम आणि घरगुती क्रियापद अशी एक विलक्षण जोडी मराठी विज्ञानगद्यात रूढ झाली आहे, आणि तिचे गुणदोष जितके स्पष्टपणे अंतराळयानांच्या विद्युत्घटांविषयीच्या लेखनात दिसतात तितके अन्यत्र क्वचितच दिसतील. कारण ही वस्तू वाचकाने पाहिलेली नसते, पाहण्याचा संभव नसतो, आणि ती कशी आहे हे केवळ ती काय करते यावरूनच सांगावे लागते.

या लेखनाचा वाचकवर्ग कोठे आहे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. डोंबिवलीत २०१७ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे नव्वदावे अधिवेशन पु. भा. भावे यांचे नाव दिलेल्या नगरीत भरले. वाचनाची इतकी दीर्घ परंपरा असलेला हा पट्टा त्याच वेळी रसायन-उद्योगाचाही पट्टा आहे. ज्या घरात दिवाळी अंक येतो त्याच घरातील कोणी वागळे इस्टेटमध्ये, कोणी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, कोणी अंबरनाथच्या कारखान्यात पाळीवर जातो. म्हणून येथील वाचकापुढे विद्युत्घटाची भाषा बोलणे म्हणजे निव्वळ कुतूहल भागविणे नव्हे. आम्ल, दाब, उष्णता, गळती हे शब्द त्याला कोशातून शिकावे लागलेले नाहीत.

प्रथम एका यशस्वी नामाचा विचार करू. एकटा घट तो विद्युत्घट. अनेक घटांची जोडणी ती घटमाला. इंग्रजीतील ‘बॅटरी’ हा शब्द मुळात तोफांच्या रांगेचा. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात तो विद्युत्भारित काचपात्रांच्या समूहास लावला आणि तो तेथेच चिकटला. मराठी बोलीत ‘बॅटरी’ हा शब्द आला तो आणखी निराळ्या अर्थाने, हातात धरावयाच्या दिव्याच्या अर्थाने. ‘अंधार आहे, बॅटरी घेऊन जा’ असे म्हणणाऱ्याच्या मनात घट नसतो, उजेड असतो. ‘घटमाला’ या शब्दाने या दोन्ही अर्थांना बाजूस सारून एक जुनेच चित्र पुढे आणले. रहाटाच्या माळेला बांधलेल्या मडक्यांची ओळ ती घटमाळ. मडकी खाली जाऊन भरतात, वर येऊन रिती होतात, पुन्हा खाली जातात. परिभाषाकारांनी हा शब्द योजताना रहाटाचा विचार केला होता की केवळ ‘घटांची माला’ असा सरळ समास साधला होता, हा प्रश्न गौण आहे. शब्दात जे आहे ते आहेच, आणि ते उपग्रहाच्या बाबतीत आश्चर्यकारक रीतीने यथार्थ ठरते.

पृथ्वीपासून काहीशे किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह सुमारे दीड तासात एक प्रदक्षिणा पुरी करतो. त्यांतील पस्तीसएक मिनिटे तो पृथ्वीच्या छायेत असतो. उजेडात सौरपत्रे यंत्रांना वीज देतात आणि घटमालाही भरतात. छायेत घटमाला एकटीच सारा भार वाहते. दिवसाला चौदा-पंधरा वेळा भरावयाचे आणि चौदा-पंधरा वेळा काही अंशी रिते व्हावयाचे, म्हणजे वर्षाला पाच हजारांहून अधिक फेरे. भूस्थिर उपग्रहाचा रहाट याहून संथ. दोन्ही संपातदिनांच्या आसपास सुमारे पंचेचाळीस-पंचेचाळीस दिवस त्याला रोज एकदा ग्रहण लागते, त्याचा जास्तीत जास्त काल ७२ मिनिटांचा. उरलेल्या वर्षभर घटमाला भरलेलीच राहते. फेरे थोडे असल्याने तिच्यातून दर वेळी अधिक खोलवर वीज काढता येते. खालच्या कक्षेतील घटमालेतून मात्र एक-पंचमांश ते एक-तृतीयांशाहून अधिक सहसा काढीत नाहीत, कारण जितके खोल उपसावे तितके आयुष्य घटते. विहिरीच्या उपशाचा हिशेब ज्याला ठाऊक आहे त्याला हा हिशेब वेगळा शिकविण्याची गरज नाही.

रूपक जेथे लागू पडते तेथेच त्याची मर्यादाही पाहिली पाहिजे. रहाटाचे एक मडके फुटले तर तेवढेच पाणी कमी येते, बाकीची मडकी आपले काम करीत राहतात. एकसरी जोडलेल्या विद्युत्घटांत तसे नाही. एका घटातून प्रवाह जाणे थांबले की सबंध ओळ थांबते. म्हणून बाद झालेल्या घटाला वळसा घालून प्रवाह नेण्याची सोय आगाऊ करून ठेवावी लागते. एक घट शेजाऱ्यांहून किंचित दुबळा निघाला तरी तो आधी रिकामा होतो, आधी भरतो, आणि इतरांच्या मापाने वागविला गेल्यामुळे अधिकच बिघडतो. घटांचा समतोल राखणे हा लिथियम-आयन घटमालेच्या रचनेतील एक मोठाच भाग होय. अर्थात येथे रहाट मागे पडतो आणि ‘माला’ हा अर्धा शब्द पुढे येतो : दोरा एके ठिकाणी तुटला की सारे मणी ओघळतात. एकाच समासाची दोन पदे वस्तूच्या दोन भिन्न गुणांवर अशी बोट ठेवीत असतील, तर ती संज्ञा नुसती मान्य नव्हे, समर्थ आहे असे म्हणावयास हवे. वेदान्तात घटाकाशाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. घटातील आकाशाऐवजी येथे आकाशातील घट आहे इतकेच.

आता क्रियापदांकडे वळावे. बोलीभाषेत विद्युत्घटासंबंधीची क्रियापदे थोडी आहेत, परंतु नेमकी आहेत. बॅटरी ‘उतरते’, म्हणजे तिच्यातील वीज कमी होते व ती पुन्हा भरता येते. सेल ‘संपतो’ किंवा ‘जातो’, म्हणजे तो टाकून द्यावयाचा. शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमनाच्या काळी कल्याण-डोंबिवलीतील घराघरांत इन्व्हर्टर आले, आणि महिन्या-दोन महिन्यांनी बॅटरीत शुद्ध पाणी घालण्याचे काम गृहिणींच्या वाट्यास आले. ‘उतरली आहे’ आणि ‘गेली आहे’ यांतील फरक तेव्हा प्रत्येक घराने पैसे मोजून शिकला. रसायनशास्त्रातील प्राथमिक आणि दुय्यम घटांचा भेद हाच. पहिल्या कृत्रिम उपग्रहाचा, १९५७ च्या स्पुटनिकचा, सेल ‘संपणारा’ होता. सुमारे ८४ किलोग्रॅम वजनाच्या त्या गोलकात ५१ किलोग्रॅमच्या आसपास वजन एकट्या चांदी-जस्त घटांचे होते आणि ते एकवीस दिवसांनी संपले. पुढच्याच वर्षी, १७ मार्च १९५८ रोजी सोडलेल्या अमेरिकेच्या व्हॅनगार्ड-१ मध्ये दोन प्रेषक होते. पारा-घटांवर चालणारा जूनमध्ये मुका झाला. सौरघटांवर चालणारा १९६४ पर्यंत बोलत राहिला. परंतु त्या सौरघटांना छायेतून पार नेणारे कोणी नव्हते. छायेतही अखंड काम हवे तर उतरणारी आणि चढणारी घटमालाच हवी. निकेल-कॅडमियम, मग निकेल-हायड्रोजन, मग लिथियम-आयन ही त्या गरजेची क्रमवार उत्तरे होत. हबल दुर्बिणीचे १९९० सालचे निकेल-हायड्रोजन घट २००९ च्या मे महिन्यात अंतराळवीरांनी बदलले, तोवर ते एकोणीस वर्षे उतरत-चढत होते.

छापील मराठी गद्याने मात्र ही बोलीतील क्रियापदे टाळली आणि त्यांच्या जागी मनुष्यदेहाची क्रियापदे आणली. याचे सर्वांत ठळक उदाहरण २०२३ च्या सप्टेंबर महिन्यातील होय. २३ ऑगस्ट रोजी चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ हे लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. ‘प्रज्ञान’ हा रोव्हर चालला, त्याने मोजमापे घेतली. त्या दोहोंचे योजलेले कार्यायुष्य एक चांद्र दिवस, म्हणजे पृथ्वीवरील सुमारे चौदा दिवस, इतके होते. सप्टेंबरच्या आरंभी सूर्य मावळतीस आला तेव्हा प्रथम रोव्हर आणि ४ तारखेस लँडर ‘निद्रावस्थेत’ गेल्याचे इस्रोने जाहीर केले. रोव्हरची घटमाला पूर्ण भरलेली आहे, ग्राहक चालू ठेवला आहे, सौरपत्र २२ सप्टेंबरच्या सूर्योदयाकडे वळवून ठेवले आहे, असेही त्या निवेदनात होते. आणि जागृती न झाल्यास तो भारताचा चांद्रदूत म्हणून कायम तेथे राहील, हेही होते. मूळ निवेदनात अशा रीतीने रूपक आणि वस्तुस्थिती शेजारी शेजारी होती. मराठीत येईतो रूपक मोठे झाले आणि वस्तुस्थिती आखडली. विक्रम झोपला, प्रज्ञान झोपला, आता ते कधी जागे होणार, ही वाट पाहणे सुरू झाले. २२ तारीख उलटली, संकेत आले नाहीत, आणि न जागणाऱ्यांविषयी जो हळवा सूर मराठीस सहज लागतो तो लागला.

येथे आक्षेप भावनेवर नाही. यंत्रावर माया करणे हा मराठी माणसाचा जुना स्वभाव आहे. खंडेनवमीस तो हत्यारांची पूजा करतो. आक्षेप हा की, ‘झोप’ या शब्दात जागे होणे गृहीत आहे. झोपलेला जागा होणे हा नियम, न होणे हा अपघात. चंद्रावरील रात्रीच्या बाबतीत नियम नेमका उलटा आहे. ती रात्र चौदा दिवसांची. तापमान उणे १२० अंश सेल्सियसच्याही पुष्कळ खाली जाते. सामान्य लिथियम-आयन घटातील द्रव विद्युत्विच्छेद्य उणे वीस-तीस अंशांपाशीच इतका मंद होऊ लागतो की आयनांची ये-जा जवळजवळ खुंटते. त्याहून खाली तो गोठतो. आकुंचन-प्रसरणाने जोड सैल होतात, आवरणास तडे जाण्याचा संभव असतो. घट भरलेला असला काय आणि रिता असला काय, त्याला ऊब देणारे काही नसेल तर तो उतरत नाही, संपत नाही, गोठतो. बोलीत हे तिसरे क्रियापद विद्युत्घटास कधी लागले नाही, कारण ठाण्यात किंवा कल्याणात तशी थंडीच पडत नाही. पण शब्द मराठीत आहे, आणि तो वापरला असता तर वाचकाच्या मनात योग्य तो प्रश्न उभा राहिला असता : याला ऊब का दिली नाही? त्याचे उत्तरही लपविलेले नाही. १९७० साली चंद्रावर उतरलेली रशियाची लूनोखोद-१ ही गाडी पोलोनियमच्या किरणोत्सारी उष्णतेवर रात्री काढीत होती. भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेले दोन लहान किरणोत्सारी तापक चांद्रयान-३ मध्येही होते, परंतु ते चंद्राभोवती फिरणाऱ्या प्रणोदन-विभागात, लँडरमध्ये नव्हते. वजन, सुरक्षितता आणि चौदा दिवसांचे योजलेले आयुष्य यांचा मेळ घालून केलेली ती निवड होती.

म्हणजे लँडर व रोव्हर यांच्या घटमालांनी आपले काम चोख बजावले होते. त्यांनी मागितले तेवढे दिले. ‘जागे झाले नाहीत’ या वाक्याने मात्र पुरे झालेल्या कामाच्या शेवटी एक अपयश जोडले, आणि ज्यांनी त्या घटांची रचना व परीक्षा केली त्यांच्यावर नकळत अन्याय केला. रूपकाचा दोष येथे सौंदर्यदृष्टीचा नाही. तो निवाड्याचा आहे.

तथापि समीक्षकाने स्वतःच्या मताविरुद्धचा पुरावाही मांडावयास हवा. २०२४ च्या जानेवारीत जपानचे ‘स्लिम’ हे यान चंद्रावर कलंडलेल्या स्थितीत उतरले. सौरपत्रांवर ऊन पडेना, म्हणून शास्त्रज्ञांनी घटमाला बारा टक्क्यांवर असतानाच तोडून ठेवली. काही दिवसांनी ऊन फिरले आणि यान बोलू लागले. नवल पुढेच आहे. चांद्र रात्र सोसण्यासाठी ते बनविलेले नसूनही फेब्रुवारीच्या अखेरीस, आणि मग मार्च व एप्रिलमध्येही, रात्र उलटल्यावर त्याने उत्तर दिले. त्याच्या बाबतीत ‘झोपणे’ आणि ‘जागणे’ ही क्रियापदे कोणी वापरली तर ती खोटी म्हणता येणार नाहीत. यावरून इतकेच निष्पन्न होते की रूपक सर्वथा त्याज्य नसते. ते कोणत्या घटनेनंतर वापरावयाचे आणि कोणत्या घटनेपूर्वी, हा विवेक लेखकाचा. स्लिमची जाग घडल्यावर सांगितली गेली. विक्रमची जाग घडण्यापूर्वीच गृहीत धरली गेली.

मंगळयानाविषयीचे लेखन थोडक्यात पाहता येते. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी सुटलेले ते यान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. सहा महिन्यांसाठी योजलेले असताना सुमारे आठ वर्षे टिकले. एप्रिल २०२२ मध्ये दीर्घ ग्रहणानंतर त्याच्याशी संपर्क तुटला, आणि इस्रोने ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा हाती येणारे नाही असे जाहीर केले. इंधन संपले असावे, त्यामुळे सौरपत्रे सूर्याकडे रोखून धरता आली नसावीत, असे त्या निवेदनाचे अनुमान होते. त्या वेळच्या वृत्तांनुसार यानाची घटमाला सुमारे एक तास चाळीस मिनिटांच्या ग्रहणासाठी योजलेली होती आणि प्रत्यक्ष ग्रहण सात तासांहून लांबले. लांब ग्रहण चुकविण्यासाठी पूर्वी कक्षा बदलली जात असे. इंधन नसल्यावर ती सोय उरली नाही. या सबंध साखळीस ‘मंगळयानाचा मृत्यू’ असा एक शब्द पुरत नाही. मृत्यू म्हटले की कारण शोधण्याऐवजी आठवणी निघतात. येथे तर कारणच आठवणीत ठेवण्याजोगे होते : घटमाला दुबळी नव्हती, रात्र तिच्या मापाबाहेरची होती.

मराठी विज्ञानकथेकडून या बाबतीत मदत झाली असे म्हणता येत नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली, तेव्हापासून या वाङ्मयप्रकाराला जी प्रतिष्ठा मिळाली ती निर्विवाद आहे. परंतु त्याची मुख्य ओढ काळ, विवरे, परग्रह आणि बुद्धिमान यंत्रे यांच्याकडे राहिली. यानात वीज कोठून येते आणि छायेत ती किती वेळ पुरते, हा प्रश्न कथेच्या दृष्टीने नीरस वाटला असावा. वस्तुतः यापरते नाट्य कोठे मिळावे? १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो-१३ वरील प्राणवायूची टाकी फुटली, इंधन-घट बंद पडले, आणि तीन माणसांचे परतणे चांद्रयानाच्या चांदी-जस्त घटांवर येऊन ठेपले; पृथ्वीच्या वातावरणात शिरण्यासाठी राखून ठेवलेले मुख्य यानाचे घट त्याच विजेतून पुन्हा भरून घ्यावे लागले. तेथे नायक कोण होता हे सांगावयास नको.

विद्युत्घटांच्या परीक्षणाविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. जे आहे त्यात ‘कठोर कसोट्या पार करून’ हे एकच वाक्यखंड सर्वत्र आढळते. कसोटी हा सोनाराचा शब्द. दगडावर रेघ ओढली, कस पाहिला, सोने होते तेवढेच राहिले. विद्युत्घटाची परीक्षा तशी होत नाही. एका खेपेत तयार झालेल्या घटांतून काही बाजूस काढतात. ते हलवितात, निर्वातात तापवितात व थंड करतात, प्रमाणाबाहेर भरतात, अग्रे परस्परांस जोडून पाहतात, प्रसंगी खिळा ठोकून आतले पडदे फाडतात, उघडून आतील थर तपासतात. हे घट पुन्हा कामास येत नाहीत. उरलेल्यांविषयीचा विश्वास नष्ट झालेल्यांच्या साक्षीवर उभा असतो. यासाठी मराठीत कसोटीहून जवळची म्हण आहे : शितावरून भाताची परीक्षा. ती अचूक अशासाठी की तिच्यात तिची अटही दडलेली आहे. शीत त्याच भांड्यातले, त्याच आचेवर शिजलेले हवे. खेप बदलली, कच्चा माल बदलला, की जुन्या शिताची साक्ष बाद. म्हणूनच अंतराळयानाच्या एका घटमालेत शक्यतो एकाच खेपेतील, धारणशक्ती आणि अंतर्गत रोध मोजून जुळविलेले घट घालतात.

परीक्षेचा दुसरा भाग कालाचा. वर्षाला पाच हजार फेरे सोसणारा घट पाच वर्षे टिकेल काय, हे निश्चितपणे जाणण्याचा मार्ग पाच वर्षे फेरे मोजीत बसण्याचाच आहे. तापमान वाढवून, उपसा खोल करून हा काळ आखडता येतो. परंतु त्यामुळे ज्या अपक्रिया प्रत्यक्षात घडल्या नसत्या त्याही घडू लागतात, आणि उत्तर लवकर मिळाले तरी ते भलत्याच प्रश्नाचे असू शकते. लोणचे उन्हात ठेवून लवकर मुरविता येते, पण ते वर्षभर टिकेल की नाही हे त्यावरून कळत नाही. प्रयोगशाळेतील या संथ, अनामिक कामाचे वर्णन करणारे गद्य मराठीत अद्याप व्हावयाचे आहे. त्याला विषयाची वाण नाही. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने लिथियम-आयन घट सिद्ध केले आणि २०१८ साली दीड ते शंभर अँपिअर-तासांच्या घटांचे तंत्र भारतीय उद्योगांस एक कोटी रुपयांच्या शुल्काने देऊ केले. १ जानेवारी २०२४ रोजी सुटलेल्या पीएसएलव्ही-सी५८ च्या चौथ्या टप्प्यावर, ३५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत, सिलिकॉन-ग्रॅफाइट ऋणाग्राचे दहा अँपिअर-तासांचे नवे घट तपासले गेले. प्रचलित घटांची ऊर्जाघनता किलोग्रॅमला १५७ वॅट-तास; यांची १९०. तेहतीस वॅट-तासांचा हा फरक बातमीत एका ओळीत येऊन गेला. सिलिकॉन अधिक लिथियम साठवितो, पण साठविताना फुगतो आणि सोडताना आकसतो. ती धुगधुग सोसणारे अग्र तयार करण्यात किती हात खपले असतील, याची त्या ओळीवरून कल्पना येत नाही.

हे सर्व भाषेचे सूक्ष्म विवेचन ठाणे-कल्याणच्या वाचकास दूरचे वाटण्याचे कारण नाही. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन-कारखान्यात स्फोट होऊन माणसे दगावली. २६ मे २०१६ रोजीही तसेच घडले होते. २०२४ च्या घटनेत पहिल्या काही तासांत ‘बॉयलरचा स्फोट’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. मागाहून तो ‘रिॲक्टरचा’ असा दुरुस्त करावा लागला. हा फरक शाब्दिक नव्हे. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ असते व तिचा दाब असह्य होतो. रिॲक्टरमध्ये रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करते. थंड करण्याची योजना तिला पुरी पडली नाही की उष्णता क्रियेस वेग देते आणि क्रिया उष्णतेस, आणि मग ते चक्र माणसाच्या हाती राहत नाही. लिथियम-आयन घटाच्या परीक्षेत ज्या अवस्थेची सर्वाधिक भीती बाळगतात ती हीच. आतील पडदा वितळतो, अग्रे भिडतात, विद्युत्विच्छेद्याचे विघटन होते, एका घटाची आच शेजारच्या घटास लागते. परिभाषेत तिला ‘औष्णिक अनियंत्रण’ असे जड नाव सुचविता येते. मराठीत ‘आग भडकणे’ आहे, ‘उकळी फुटणे’ आहे, ‘उतू जाणे’ आहे; यांपैकी ‘उतू जाणे’ हे स्वयंपाकघरातील असूनही सर्वांत जवळचे आहे, कारण दूध उतू जाते तेव्हा आच बाहेरची असली तरी फुगण्याचा वेग हातास आटोपत नाही. पण दुधाखालची चूल विझविता येते. घट स्वतःच चूल झालेला असतो. नेमका शब्द नसेल तर प्रक्रिया सांगणारे वाक्य लिहावे. ते दोन ओळींनी लांबेल एवढेच. बॉयलर की रिॲक्टर हे ज्या वस्तीतील लोकांना कळणे अगत्याचे आहे, तेथे तरी लेखकाने या दोन ओळींचा आळस करू नये.

याच पट्ट्यात, अंबरनाथला, संरक्षण संशोधन संघटनेची नौदल-पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. १९५३ साली मुंबईत नौदलाची रासायनिक व धातुशास्त्रीय प्रयोगशाळा म्हणून तिचा आरंभ झाला. गावाचे नाव आकाशाच्या नाथाचे, तेथील शिलाहारकालीन शिवालय इ. स. १०६० चे, आणि प्रयोगशाळेचे लक्ष पाण्याखाली. तेथे पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लाचे इंधन-घट विकसित झाले, आणि ८ मार्च २०२१ रोजी त्या संयंत्राच्या जमिनीवरील नमुन्याची महत्त्वाची परीक्षा पार पडली. पाणबुडी आणि अंतराळयान यांची गरज एकच : बाहेरची हवा न घेता, बंद कवचात, दीर्घकाळ वीज. १९६५ साली जेमिनी-५ मध्ये इंधन-घट प्रथम कक्षेत वापरले गेले आणि अपोलो याने तर त्यांच्यावरच चंद्रापर्यंत गेली. ज्या पीएसएलव्ही-सी५८ वर नवे लिथियम-आयन घट तपासले, त्याच टप्प्यावर इस्रोने आपला इंधन-घटही चालवून १८० वॅट वीज मिळविली.

‘इंधन-घट’ या संज्ञेत मात्र ‘घट’ शब्दाने आपले सामर्थ्य गमावले आहे. येथे भरावयाचे व रिते करावयाचे असे काही नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेरून येत राहतात, वीज व पाणी निघत राहते, आणि पुरवठा थांबला की काम थांबते. रहाटाचे मडके याला लागू पडत नाही. लाकूड सारीत राहावे लागणाऱ्या चुलीशी त्याचे नाते अधिक जवळचे, जरी त्यात ज्वाळा नसली तरी. मराठीने हा शब्द ‘विद्युत्घट’ या जुन्या शब्दाच्या आधाराने बनविला आणि आता तो रूढ आहे. तो बदलण्याचा आग्रह धरणे व्यर्थ होय. परंतु जो लेखक अंबरनाथच्या त्या संयंत्राविषयी मराठीत लिहील त्याने इंधन-घट ‘उतरला’ असे लिहू नये. उतरते ती घटमाला. इंधन-घटाचे इंधन सरते.